‘आत्ता तर जातोय ना, मॅडम?’

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली



माझ्या टेबलावर एक दोनशे पानी वही असते. एरवी तिच्यात कुठल्या दिवाळी अंकाची किती पानं तपासली याचा हिशेब असतो. मी मुद्रितशोधक आहे, काम घरूनच करते. गेल्या पावसाळ्यापासून वहीची मागची पानं मात्र वेगळ्याच नोंदींनी भरत गेली. ‘१२ ऑगस्ट. दु. ३.१०, छापखाना, ६ एमबी, नाही. ३.२५, तीच फाइल, नाही. ३.४०, नुसतं “फोन करा”, गेला. रात्री ९, राउटर बंद-चालू करून, ६ एमबी, नाही.’ अशी एकोणीस पानं.

संगणक घरचा, इंटरनेट फायबरचं, मेल थंडरबर्डमधून. ‘पाठवा’ दाबलं की एक छोटी चौकट उघडते, पट्टी सरकू लागते आणि मधेच कुठंतरी थबकते. मग बऱ्याच वेळानं कळतं की सर्व्हरशी संपर्क तुटला. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा मशीनवर चढायची वाट बघत असतो तेव्हा ही थबकलेली पट्टी बघणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक.

इंटरनेट कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र एका कंपनीबद्दल नाही. तिच्याकडे मी चार तक्रारी नोंदवल्या, चारही बंद झाल्या. दर वेळी एक मुलगा यायचा, मोबाइलवर वेग मोजून मोठासा आकडा दाखवायचा, ‘यूट्यूब चालतंय ना?’ असं विचारायचा आणि मला एखादा मेल पाठवायला सांगायचा. मी ‘टेस्ट’ एवढंच लिहून पाठवला की तो जायचा. ‘आत्ता तर जातोय ना, मॅडम?’ तो जिना उतरायच्या आत माझ्या फोनवर निरोप आलेला असायचा, ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.’

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या फॉर्मवर दोनच चौकोन असणार, चालू आणि बंद. ‘कधी जातो, कधी जात नाही’ याला त्यात जागा नाही, आणि अध्यक्षमहाराज, माझं सगळं दुखणं त्या न छापलेल्या तिसऱ्या चौकोनाचं आहे.

माझा भाचा इंटरनेटच्या धंद्यातला आहे. शेवटी गणपतीत तो घरी आला तेव्हा त्यानं वही मागितली. मोदक बाजूला ठेवून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, ‘मावशी, हा एक बिघाड नाही. तीन आहेत, एकमेकांत गुंतलेले.’ मग त्यानं काळी खिडकी उघडून कसल्याशा आज्ञा टाइप केल्या. आधी १४७२ बाइटांचं चाचणीचं पाकीट पाठवलं, वर शेरा मारून की वाटेत याचे तुकडे करायचे नाहीत. उत्तर नाही. मग १४६४ चं पाठवलं. लगेच उत्तर. पुन्हा १४७२, नाही. पुन्हा १४६४, आलं. आठ बाइटांचं ते अंतर बघून माझ्या पोटात ढवळलं. जूनपासून माझे सगळे फर्मे या आठ बाइटांना अडकून बसले होते.

भानगड अशी. घरातल्या तारेवरून एका वेळी १५०० बाइटांचं पाकीट जातं. अनेक कंपन्या ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड तपासून जोडणी देतात, त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. त्यात दर पाकिटावर आठ बाइटांचं वेष्टन चढतं, म्हणजे आतल्या मालाला १४९२ च उरतात. (चाचणीच्या १४७२ आणि १४६४ मध्ये पाकिटाची स्वतःची शीर्षकं धरली की हेच १५०० आणि १४९२ होतात.) राउटरला हे सांगून ठेवावं लागतं. माझा जुना राउटर जूनमधल्या विजांमध्ये जळला, कंपनीनं नवा बसवला, आणि त्यात १५०० तसेच राहिले. पाकीट मोठं झालं तर ‘लहान करून पाठवा’ असा निरोप उलट यायला हवा. तो आलाच नाही. मोठी पाकिटं वाटेत गुपचूप टाकून दिली जात होती. ‘फोन करा’ हे दोन शब्द एका पाकिटात मावतात, म्हणून ते जायचे. सहा एमबीच्या पीडीएफला हजारो भरगच्च पाकिटं लागतात. यूट्यूबला माझ्याकडून वर फार काही पाठवावंच लागत नाही, त्यामुळे ते मजेत चालू. राउटरच्या पानावर भाच्यानं १५०० खोडून १४९२ केले. सहा एमबी गेले. चौथ्या तक्रारीच्या वेळी मला सांगण्यात आलं होतं की तुमची फाइल ‘हेवी’ आहे.

दुसरा बिघाड कबूल करायला जरा लाज वाटते. वहीत गुरुवारी न गेलेल्या मेलची संख्या जास्त होती. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. दोन-चार तास वीज जाते. माझ्या संगणकाच्या पोटातला नाण्याएवढा सेल संपला होता. वीज गेली की संगणकाचं घड्याळ मागे जाऊन २००९ सालच्या १ जानेवारीला उभं राहायचं. हल्ली मेल टीएलएसच्या कुलपात जातो, आणि कुलूप लावण्याआधी संगणक समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो. प्रमाणपत्र या वर्षाचं, घड्याळ २००९ चं. संगणक म्हणणार, हे अजून लागूच झालेलं नाही. दोन-तीनदा मी घाईत ‘अपवाद मान्य’ दाबून पुढे गेले. ते मेल गेले, पण २००९ ची तारीख कपाळावर घेऊन. छापखान्यातल्या संगणकावर मेल तारखेप्रमाणे लावलेले असतात. ते म्हणत राहिले, ‘बाई, काही आलं नाही,’ आणि माझे फर्मे तळाशी, सोळा-सतरा वर्षांपूर्वीच्या पत्रांत जाऊन बसलेले. दुसऱ्याच्या मजकुरातल्या तारखा तपासून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख दिसली नाही. हा दोष पुरता माझा. सेल बदलला, गुरुवार सुटले.

तिसऱ्या बिघाडापाशी मात्र आपलं काम लागतं.

कधी कधी मेल लगेच परत यायचा, तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे असा शेरा घेऊन. राउटर दहा मिनिटं बंद ठेवून सुरू केला की तोच मेल बिनबोभाट जायचा. याला मी बरेच दिवस दैवी उपाय समजत होते. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीत संपला, आणि आशिया-प्रशांत विभाग त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक घरं बसवतात. २०१२ साली त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारे पत्ते राखून ठेवले गेले. माझ्या राउटरच्या पानावर असाच एक निघाला. वाड्यातल्या एका बिऱ्हाडानं उधारी थकवली म्हणून वाण्यानं अख्ख्या वाड्याचं खातं बंद करावं, तसं हे. कुणाच्या तरी संगणकात शिरलेला व्हायरस त्याच पत्त्यावरून रद्दी मेल ओततो, पत्ता काळ्या यादीत जातो, आणि माझा मेलवाला ती यादी बघून मला दारातूनच परत पाठवतो. राउटर पुन्हा जोडला की कधी दुसरा वाडा मिळतो, कधी तोच.

यात कंपनीनं काही बेकायदा केलं असं मी म्हणत नाही. पत्ते नाहीत तर नाहीत. मला एवढंच म्हणायचं आहे की हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मला समजायला एकोणीस पानं लागली.

पोर्ट २५ चं तसंच. मेल पाठवण्याचा एसएमटीपी नियम १९८२ चा, सगळे एकमेकांना ओळखत होते तेव्हाचा, आणि त्याचं दार म्हणजे २५ क्रमांकाचं पोर्ट. रद्दी मेलचा पूर आल्यावर घरगुती ग्राहकांसाठी ते दार बंद करणं शहाणपणाचंच. १९९८ मध्ये घरून मेल टाकायला ५८७ हे वेगळं दार ठरलं, आणि २०१८ पासून ४६५ ची शिफारस आहे. पण माझं २५ एका सोमवारी सकाळी बंद झालं, कुणी चकार शब्द न काढता. ब्राझीलमध्ये हेच काम करायचं होतं तेव्हा २०११ साली तिथली इंटरनेट सुकाणू समिती, अनातेल हे दूरसंचार नियामक आणि कंपन्या यांनी रीतसर करार केला, लोकांना ५८७ वर जायला वेळ दिला आणि मग २५ बंद केलं. नियामक मधे उभा असला की असं होतं.

आपण अशा गोष्टींत लक्ष घालत नाही असं नाही. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या वेळी आपण लोकांची मतं ईमेलवर मागवली आणि दहा लाखांवर मेल आले. त्यातला एक माझा होता. (ते सगळे आपण पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट संकेतस्थळावर लावलेत, तो राग आता गेला.) २०१७ च्या नोव्हेंबरमधल्या शिफारशींत आपणच म्हटलंत की कंपन्या आपल्या जाळ्यातल्या वाहतुकीचं नियमन कसं करतात ते त्यांनी ग्राहकाला उघड सांगावं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेवेच्या दर्जाचे नवे विनियमही काढलेत. बिघाड किती वेळात दुरुस्त व्हावा, विलंब किती, गळती किती, सगळं त्यात आहे. आकड्यांवर माझा विश्वास आहे, अध्यक्षमहाराज. पण सरासरीत माझा गुरुवार दिसत नाही. हजारो छोटी पाकिटं पोचली आणि प्रत्येक मोठं बुडालं, तरी टक्केवारी छान येते.

भाच्यानं एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते म्हणे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या एका विद्यापीठात संख्याशास्त्राचे विभागप्रमुख संगणक विभागाला म्हणाले, आमचा मेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाही. असं म्हणणाऱ्याला कुणीही वेड्यात काढावं. पण ते संख्याशास्त्रज्ञ. कुठं गेला आणि कुठं नाही याचा त्यांनी नकाशाच करून ठेवला होता. तपासलं तर खरं निघालं. सर्व्हरवर कुणी तरी सॉफ्टवेअर बदललं होतं आणि त्यात ‘किती वेळ वाट बघायची’ या खणात शून्य पडलं होतं. सर्व्हर जेमतेम तीन मिलिसेकंद थांबायचा, आणि तेवढ्यात प्रकाश साडेपाचशे मैलांच्या आसपास जातो. त्या माणसाचा नकाशा कुणी तरी हातात घेतला, म्हणून ते सापडलं. माझी वही चार तक्रारींत कुणीही उघडली नाही.

तेव्हा माझं मागणं असं. प्रत्येक कंपनीनं आपल्या संकेतस्थळावर एक पान ठेवावं, ग्राहकाच्या भाषेत. पुण्यात ते मराठीत. कुठली पोर्टं बंद आहेत, पत्ता स्वतःचा की वाटून घेतलेला, स्वतःचा हवा असेल तर काय पडेल, राउटरमध्ये पाकिटाचं माप किती ठेवायचं, मेलसाठी कुठलं दार वापरायचं. एवढी माहिती ए-फोर कागदाच्या एका बाजूला मावते. हवं तर प्रूफ मी फुकट तपासून देईन. यातलं काही बदलणार असेल तर पंधरा दिवस आधी ग्राहकाला कळवावं, बिलाची आठवण करायला जसा निरोप पाठवतात तसाच. आणि तक्रारीच्या फॉर्मवर तो तिसरा चौकोन छापावा, ‘अधूनमधून’. त्यावर खूण असेल तर घरी आलेल्या मुलाला ‘आत्ता चालू आहे’ या एका कारणावर तक्रार बंद करता येऊ नये. ग्राहकानं ठेवलेली नोंद त्यानं वाचावी, आणि निदान सात दिवस तक्रार उघडी राहावी.

एकेका ग्राहकाच्या तक्रारीत आपण पडत नाही, ती आधी कंपनीकडे आणि मग तिच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाते, हे मला माहीत आहे. म्हणून माझ्या चार तक्रारींचे क्रमांक या पत्रात दिलेले नाहीत. माझं इंटरनेट आता ठीक आहे. माझ्याकडे भाचा होता. शेजारच्या जिन्यावरच्या आजोबांकडे नाही; मुलाला ऑस्ट्रेलियाला फोटो पाठवायचे असले की ते पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात, आणि त्यांच्या घरीही तोच राउटर आहे.

वहीच्या एकोणीस पानांची स्कॅन केलेली प्रत सोबत जोडली आहे. फाइल सात एमबीची आहे. आज गुरुवार आहे, आणि ती पहिल्याच खेपेला जाईल.

आपली,
एक मुद्रितशोधक,
सदाशिव पेठ, पुणे ३०