‘पूरक’ या शब्दावर किती पैसे घालवायचे?



वस्तीत सध्या घरोघरी पावडरचे डबे आणि कॅप्सूलच्या बाटल्या येत आहेत. विकणारी बाई बहुधा आपल्याच बचत गटातली असते, म्हणून नाही म्हणणे जड जाते. ‘औषध नाही ताई, पूरक आहार आहे, साइड इफेक्ट नाही,’ असे ती सांगते. लगेच पुढे, याने शुगर उतरते, गुडघे बरे होतात, रक्त वाढते, असेही सांगते. औषध नाही, तर रोग बरा कसा होतो?

‘पूरक आहार’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. अंगणवाडीत मिळतो तो पूरक आहार. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आईच्या दुधासोबत भरवतो तो वरण-भातही पूरक आहार. डब्यावरचे ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘डाएटरी सप्लिमेंट’ ही वेगळी वस्तू आहे. जीवनसत्त्वे, खनिजे, प्रथिने किंवा वनस्पतींचे अर्क गोळी-पावडरच्या रूपात विकले जातात, ते हे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्यांना अन्नात धरले आहे. म्हणून डब्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक असतो आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरू नये, असे छापावे लागते. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ती ओळ वाचून घ्या. रोग बरा करण्याचा दावा लेबलवर करता येत नाही, म्हणूनच तो तोंडी केला जातो.

कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यासाठी सरकारी दवाखान्यात लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मोफत मिळते. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. पण मळमळते, शौचाला काळे होते म्हणून ती फडताळात पडून राहते आणि उसनवारी करून डबा येतो. शौचाचा काळा रंग लोहामुळे असतो, घाबरू नका. गोळी जेवणानंतर घ्या, तिच्या आगेमागे तासभर चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

विदर्भातल्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तिकडे आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेल आहे. त्यातही रक्त कमी होते, पण ते कोणत्याही पावडरने बरे होत नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते, त्याला वरून लोह देणे घातक ठरते. म्हणून आधी रक्त तपासा, मग गोळी.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. डबा सुरू केला म्हणून शुगरची, बीपीची गोळी बंद करणे. ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

महिला मंडळांनी पुढच्या बैठकीत एक ठराव करावा: कुणी डबा विकायला आली तर तिने तोंडी केलेला दावा डब्यावर छापलेला दाखवावा. आणि डब्याच्या पैशांत महिनाभर किती अंडी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी येईल, याचा हिशेब तिथेच मांडावा.