घरांतलें विज्ञान : बाळाचें वजन आणि संगणकाची रेषा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा पेंच उद्भवला. नात नऊ महिन्यांची झाली. माझ्या पुतण्यानें तिच्या पहिल्या चार महिन्यांच्या वजनांवरून संगणकावर एक सरळ रेषा काढून ठेविली होती. तिचें वजन आतां त्या रेषेच्या बरेंच खालीं राहिलें. मूल हसत होतें, रांगत होतें. तरी "आईचें दूध पुरत नसेल," असें घरांतील वडील मंडळी बोलूं लागली आणि सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. "काका, हिशोब तर बरोबर आहे," असें पुतण्या म्हणाला. हिशोब बरोबर होताच. चूक निराळ्या ठिकाणीं होती. ती वाचकांनीं स्वतः पडताळून पाहावी.

एक्सेलसारख्या साध्या प्रोग्रामांत एका स्तंभांत वय व दुसऱ्यांत वजन लिहिलें, कीं तो ठिपके मांडतो आणि सांगितल्यास त्यांमधून रेषाही काढतो. प्रत्येक ठिपक्याचें रेषेपासूनचें उभें अंतर घ्यावयाचें, त्याचा वर्ग करावयाचा, आणि या वर्गांची बेरीज जिच्या योगें कमींत कमी होईल ती रेषा निवडावयाची, अशी ही रीत आहे. लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञानें ती १८०५ सालीं प्रसिद्ध केली.

आतां परीक्षेसाठीं आमच्या नातीचे आंकडे बाजूस ठेवूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं बालकांच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. ते सहा देशांतील निरोगी मुलांच्या मोजमापांवरून केलेले असून त्यांत दिल्लीचीं मुलेंही होतीं. त्यांतील मुलींचें मधलें वजन जन्मतः ३.२ किलो, आणि पुढें महिन्यागणिक ४.२, ५.१, ५.८ व चौथ्या महिन्यास ६.४ किलो असें आहे. हे पांच आंकडे संगणकास दिले, तर तो महिन्यास ८०० ग्रॅम चढणारी सरळ रेषा देतो. एकही ठिपका तिच्यापासून १६० ग्रॅमहून दूर नाहीं. कोणासही ती पसंत पडेल! परंतु हीच रेषा पुढें वाढविली, तर वर्षाच्या मुलीचें वजन सुमारें १२.९ किलो निघतें. तक्त्यांत तें ८.९ आहे.

पुतण्यानें मग रेषेऐवजीं वर्गाचा वक्र, म्हणजे अन्वस्त, मागितला. तो इतका चपखल बसला कीं, कोणत्याही ठिपक्यापासूनचें अंतर २० ग्रॅमही भरेना. पुतण्या हर्षला. पण तो वक्र पुढें नेतांच साडेसात महिन्यांच्या सुमारास खालीं वळला आणि वर्षाच्या मुलीस अवघे ५.९ किलो देऊन बसला. म्हणजे चौथ्या महिन्यापेक्षांही कमी! पांच ठिपके तेच, संगणक तोच, आणि उत्तरें दोन, दोन्हीही खोटीं.

यांतून दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली अशी कीं, अंतर किती एवढेंच न पाहतां तें कोणत्या बाजूस आहे तेंही पाहावें. आपल्या सरळ रेषेच्या दोन्ही टोकांचे ठिपके तिच्या खालीं व मधले तिन्ही वर होते. वाढीचा वेग मंदावत आहे, हें ते ठिपके तेव्हांच सांगत होते. आम्हीं ऐकलें नाहीं. दुसरी अशी कीं, जेथवर मोजमापें आहेत तेथवरच वक्राचा शब्द प्रमाण मानावा. त्यापलीकडे तो आपल्या आकृतीचा स्वभाव सांगतो, बाळाचा नव्हे. रेषा हवी कीं अन्वस्त, हें संगणक ठरवीत नाहीं. तें आपणच सांगतों. म्हणून त्या निवडीची जबाबदारीही आपलीच.

नातीच्या साऱ्या नोंदी आम्हीं त्या तक्त्यावर मांडल्या, तेव्हां त्या त्यांतील वक्राच्या अगदीं शेजारून जात असलेल्या दिसल्या. वडील मंडळींनीं मुकाट्यानें चष्मे उतरविले. एखाद्या बाळाची नोंद अशा तक्त्यावरील आपली वाट सोडून खालीं घसरूं लागली, तर डॉक्टरांकडे अवश्य जावें. पण घरीं ओढलेल्या एका रेषेवरून कोणत्याही आईस बोल लावूं नये.