प्राथमिक शाळेतील यंत्रविद्या आणि कारागिरांची मराठी

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातील बाजाराला लागून जाणाऱ्या हमरस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे, आणि त्याच रस्त्यावर चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटची जुनी इमारत उभी आहे. हा केवळ योगायोग असेल. पण हात आणि भाषा यांच्या शिक्षणाचा एकत्र विचार करणाऱ्याला तो सूचक वाटल्यावाचून राहत नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन स्थापिले, तेव्हा त्याची धुरा वाहणाऱ्या त्रिभुवनदास गज्जर यांनी शास्त्रीय व औद्योगिक विषयांचे ग्रंथ गुजराती व मराठीत सिद्ध करण्याचा ध्यास घेतला होता. गज्जर स्वतः सुतार घराण्यातले. कारागिराच्या मुलाला यंत्रविद्या द्यायची तर ती परक्या भाषेच्या उंबरठ्यावर अडवून ठेवता येणार नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसावे.

कलाभवन मोठ्या विद्यार्थ्यांसाठी होते. आज प्रश्न उभा आहे तो सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा. अभियांत्रिकीचे संस्कार लहानपणीच व्हावेत असे आता सर्वत्र बोलले जाते. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दप्तराविना दहा दिवसही सहावी ते आठवीचेच. त्याखालच्या इयत्तांत जे काही चालते ते बहुधा महागड्या शाळांतून, तयार सुट्या भागांच्या पेट्या आणून आणि इंग्रजीतून. मराठी शाळेतल्या मुलासाठी काय करावे याची चर्चा निघाली की ती साहित्याच्या किमतीपाशी थांबते. माझे मत असे की अडचण पैशाची थोडी आणि शब्दांची फार आहे, आणि म्हणून हा विषय मराठीच्या अभ्यासकांचाही आहे.

सात वर्षांच्या मुलाची अभियांत्रिकी म्हणजे काय? वस्तू करावी, ती टिकत नाही असे दिसावे, का टिकत नाही हे सांगता यावे, आणि पुन्हा करून पाहावी. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर हा सगळा पाठ उभा केला. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो; तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही; चौकोनात एक तिरपी काडी घातली की तोही ताठ राहतो. आपल्या घरांच्या छपराखाली सुतार जी कैची बसवतो तिचे रहस्य एवढेच आहे. मूल हे पाच मिनिटांत पाहते. पण पाहिलेले बोलून दाखवण्याची वेळ आली की त्याच्यापाशी ‘तुटला’ आणि ‘पडला’ हे दोनच शब्द उरतात.

वास्तविक बिघाडाचे वर्णन करण्यात मराठी विलक्षण श्रीमंत आहे. स्टूल डुगडुगते, फळी लचकते, खांब कलतो, तुळई वाकते, काच तडकते, बांबू पिचतो, खुर्ची खिळखिळी होते, बिजागरी निखळते. हे अलंकारिक पर्याय नव्हेत. प्रत्येक क्रियापद हे एक निदान आहे. डुगडुगणाऱ्या वस्तूचे पाय तपासावेत, लचकणाऱ्या फळीखाली आधार द्यावा, खिळखिळ्या वस्तूचे सांधे पाहावेत. ज्याला शब्द नेमका सापडला त्याला उपाय निम्मा सापडला. या जागी ‘प्रतिबल’, ‘विकृती’ अशी पारिभाषिक शब्दावली आणून ठेवली तर मूल ती पाठ करील. त्या संज्ञांची गरज पुढे आहेच, मी त्यांचा वैरी नाही. पण लचकणे आणि पिचणे यांतला भेद ज्याच्या जिभेवर नाही त्याला विकृतीची व्याख्या काय उपयोगाची?

पाठ्यपुस्तकांनी कधीच योग्य शब्द निवडला नाही असे मात्र नाही. साध्या यंत्रांच्या धड्यात ‘तरफ’ आणि ‘टेकू’ आहेत, आणि ते मुलांना एका दिवसात कळतात. टेकू घरातल्या कपाटाखाली असतो, आणि वर्तमानपत्रात सरकारलाही मिळतो. मग ओळंबा, गुण्या आणि पाणसळ यांनी काय गुन्हा केला? दोरीला दगड बांधला की ओळंबा झाला. पारदर्शक नळीत पाणी भरले की पाणसळ. एवढ्यावर दुसरीचा वर्ग आपल्या शाळेची भिंत सरळ आहे की नाही आणि ओटा समतल आहे की नाही, हे स्वतः ठरवू शकतो. भिंत ओळंब्यात नाही असे आढळले तर फारच उत्तम. तो दिवस मुले विसरणार नाहीत. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून नामदेवांना कच्चे मडके ठरवले ही कथा आपण भक्तीचा पाठ म्हणून सांगतो. वस्तू न फोडता तिची परीक्षा आवाजावरून कशी करावी, याचाही तो पाठ आहे, हे कुंभाराला ठाऊक असते आणि शिक्षकाला नसते.

असे का झाले, याचे उत्तर त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’त शोधावे लागेल. ज्यांच्या हाती अवजारे होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि लेखणीवाल्यांनी रंधा किंवा पटाशी कधी धरली नाही. मोल्सवर्थच्या कोशात कारागिरांचे शब्द विपुल आहेत. क्रमिक पुस्तकांत ते गळले. परिणामी सुताराचे मूल शाळेत येते तेव्हा घरून आणलेले ज्ञान दाराबाहेर ठेवून येते, आणि इतरांची मुले ते ज्ञान आहे हे न कळताच मोठी होतात.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. कारागिरीचे गौरवगान करणारे शिक्षण शेवटी कारागिराच्या मुलाला कारागिरीतच बांधून ठेवते, असा तो आहे. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी वडिलांचा धंदा शिकावा अशी योजना आणली; ‘कुलशिक्षण’ म्हणून तिला कडवा विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती गुंडाळावी लागली. विरोध योग्यच होता. त्या योजनेने मुलाला शाळेतून घरी आणि घरातून जातीत पाठवले. मी म्हणतो ते याच्या उलट आहे: सगळ्या जातींच्या मुलांनी सगळ्या धंद्यांचे शब्द शाळेतच, एका बाकावर बसून शिकावेत. भटजीच्या मुलीने गुण्या धरावा, सुताराच्या मुलाने त्यावर निबंध लिहावा.

१९३७ च्या वर्धा परिषदेने हस्तोद्योग आणि मातृभाषा यांची मागणी एकाच वेळी केली होती, हे आपण विसरलो. पुढे हस्तोद्योगाचे ‘कार्यानुभव’ झाले आणि त्याची कागदी फुले झाली. मातृभाषेचा तास वेगळ्या खोलीत गेला. त्यांची पुन्हा गाठ घालता येते, याचा दाखला मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने दिला आहे. चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीच्या मुलांकडून पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्या करवून घेतल्या. मुले आधी गटात बोलत, मग आराखडा काढीत, मग वस्तू करीत. शहरी इंग्रजी शाळांबरोबर ग्रामीण मराठी शाळाही त्यात होत्या. असे काम दुसरी-तिसरीत का होऊ नये, याचे सबळ कारण मला दिसत नाही.

देवराज बाजाराचा उत्तरेकडचा काही भाग २०१६ च्या ऑगस्टमध्ये कोसळला. जुनी वास्तू पाडावी की दुरुस्त करावी, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. भिंत का पडली, हा प्रश्न त्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही आठ वर्षांच्या मुलाला पडू शकतो, आणि त्याचे पहिले उत्तर कन्नडातच मिळायला हवे. ते देणारा ‘मेस्त्री’ पोर्तुगिजांकडून आला असला तरी कन्नडात व मराठीत सारखाच ओळखीचा आहे. त्याचा गिलावाही दोन्हीकडे चालतो. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात संतकवींना जेवढी जागा मिळाली त्याच्या दशांशही या शब्दांना मिळालेली नाही. विद्यापीठांतील भाषाविभागांनी ते गोळा करावेत, पण कोशात घालून थांबू नये. बालभारतीच्या पुढच्या फेररचनेत तिसरीच्या मराठीच्या पुस्तकात एक धडा डुगडुगणाऱ्या स्टुलावर असावा, आणि तो शिकवण्याच्या दिवशी गावातल्या सुताराला वर्गात बोलवावे, त्याची त्या दिवसाची मजुरी देऊन.