देवदर्शनाच्या वाटेवरचं रान

आपल्याकडे बायकांचं फिरणं म्हटलं की तीनच ठिकाणं. देवस्थान, माहेर, नाही तर कुणाचं तरी लग्न. चौथं कधी निघालंच तर महाबळेश्वर नाही तर कोकण. तिथल्या खोल्यांचे भाव ऐकले की "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता मुलांची सुट्टी संपते. तुमच्याकडेही असंच होतं ना?

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटातल्या बायका अष्टविनायकाला निघाल्या. मोरगावचं दर्शन सकाळीच आटोपलं. ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी जरा सुप्याकडे घ्या." तिथं मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारा हरणांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. गाडीत कुरकुर सुरू झाली. "हे कसलं जंगल? असलं माळरान आमच्या गावाबाहेर पडलंय की!"

खरंच, नुसतं गवत आणि बाभळी. पण दहाच मिनिटांत वाळल्या गवतातून तीन चिंकारा बाहेर आले. फिकट तपकिरी रंग, शेळीएवढी उंची, शेपटी सारखी हलती. आमच्याकडे बघत ते क्षणभर थांबले आणि गाडीतली सगळी बडबड आपोआप थांबली. जन्मभर शेरडं राखलेल्या आमच्या आजी हळूच म्हणाल्या, "लहानपणी ही आमच्या रानात यायची. आम्ही हाकलून लावायचो. आता तिकीट काढून बघायला आलो."

त्या वाक्यानं मला विचारात टाकलं. ज्याला आपण "पडीक माळ" म्हणतो, ते कुणाचं तरी घर असतं. ते आपण बघितलंच नाही, तर त्यावर नांगर फिरला काय की प्लॉट पडले काय, आपल्याला काय कळणार?

म्हणून माझं सांगणं एवढंच, देवदर्शनाला जाताच आहात, तर त्याच फेरीत एखादं रान बघा. सिद्धटेक ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात रेहेकुरी आहे. 1980 पासून राखलेलं काळविटांचं अभयारण्य. पिळाच्या शिंगांचा काळाभोर नर मुलांनी एकदा बघितला, की पुस्तकातलं चित्र विसरतील. नाशिक-शिर्डी करणार असाल तर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा पाणसाठा 2020 मध्ये रामसर यादीत गेला. तो मान मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिलीच पाणथळ जागा. थंडीत तिथं दूरदेशीचे पक्षी येतात. सांगलीकडच्या मैत्रिणी श्रावणी सोमवारी सागरेश्वरला जातातच. त्याच डोंगरावरचं अभयारण्य तर माणसांनी झाडं लावून, हरणं सोडून उभं केलंय. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांची त्यामागची धडपड मुलांना जरूर सांगा. आणि कोल्हापूरच्या अंबाबाईला गेलात, तर पुढे राधानगरी-दाजीपूरचं गव्यांचं जंगल आहे. राज्यातलं हे सर्वांत जुनं अभयारण्य, 1958 सालचं.

मुक्कामाचं म्हणाल, तर अभयारण्यात मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते. काही ठिकाणी त्यांची राहण्याची सोय असते, पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी प्रवेश बंद असतो. तेव्हा आधी चौकशी करूनच निघा. चूल पेटवायची नाही, गाणी लावायची नाहीत, प्लॅस्टिक मागं सोडायचं नाही.

चूल नाही, यात खरं तर आपलाच फायदा आहे. सहलीत सगळे हिंडतात आणि बाई मात्र स्टोव्हपाशी बसते, हे मी पंचवीस वर्षं करत आले. मुलांनी धबधबा बघितला, मी पिठलं बघितलं! आता मी घरातल्यांना स्वच्छ सांगते, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. बांधून द्यायला सगळ्यांनी हात लावायचा. तिथं गेल्यावर मी कुणाला वाढणार नाही.

एक तक्रार मात्र आहे. अशाच एका ठिकाणी स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यातल्या दोघी दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत. "इथं बायका येतातच कुठं?" असं उत्तर मिळालं. आता बायका येत नाहीत म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून बायका येत नाहीत! हे चक्र आपण घरात बसून सुटणार नाही. आम्ही तिथल्या तिथं लेखी तक्रार दिली, बावीस जणींच्या सह्यांची. बावीस सह्या बघून साहेब खुर्चीतून उठले, एवढं मात्र खरं.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या सुट्टीत देवाला नमस्कार करून झाला, की गाडी अर्धा दिवस रानाकडे वळवा. आणि हो, त्या दिवशी डब्याचं झाकण दुसऱ्या कुणाला तरी उघडू द्या.