सभ्यपणाची अट आणि उसने नाते

हक्क मागणाऱ्या माणसाकडे आधी चारित्र्याचा दाखला मागायचा, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. तुम्ही आधी स्वच्छ व्हा, मग पाण्याचे बघू. आधी शिका, मग मताधिकाराचे बघू. अट पूर्ण केली की नवी अट पुढे येते. ही रीत फक्त आपल्याच वाट्याला आली असे नाही. लंडनमध्ये घडणाऱ्या एका इंग्रजी कादंबरीत ती समलिंगी माणसाच्या वाट्याला आलेली दिसते. म्हणूनच या पानावर तिची दखल घेणे आवश्यक वाटते.

अ‍ॅलेक्सिस हॉल यांची ‘बॉयफ्रेंड मटेरियल’ ही कादंबरी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. वरवर पाहता ती हलकीफुलकी प्रेमकथा आहे. ल्यूक हा नायक दोन प्रसिद्ध रॉक गायकांचा मुलगा. बाप लहानपणीच घर सोडून गेलेला. पूर्वीच्या प्रियकराने त्याच्या खासगी गोष्टी वृत्तपत्राला विकलेल्या. ल्यूक शेणकिड्यांच्या संरक्षणासाठी निधी गोळा करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करतो. एका क्लबाबाहेर पडताना त्याचा तोल जातो, तो फोटो छापून येतो आणि संस्थेचे काही देणगीदार हात आखडता घेतात. नोकरी टिकवायची तर प्रतिमा सुधारली पाहिजे. मग मैत्रीण त्याची गाठ ऑलिव्हर नावाच्या बॅरिस्टरशी घालून देते. ऑलिव्हर नीटनेटका, शाकाहारी, जबाबदार. त्यालाही आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला सोबत नेण्यासाठी कुणीतरी हवे असते. दोघे ठरवतात, काही दिवस प्रेमात असल्याचे सोंग करायचे. पुढे सोंगाचे खरे प्रेम होते, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते.

‘याच्याशी आपल्या चळवळीचा काय संबंध?’ असे काही वाचक विचारतील. संबंध त्या देणगीदारांपाशी आहे. ल्यूक समलिंगी आहे, याला त्यांची उघड हरकत नाही. इंग्लंडमध्ये 1967 च्या कायद्याने प्रौढ पुरुषांमधील खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले आणि 2014 पासून तेथे समलिंगी विवाह होऊ लागले. कायदा बदलला. पण पैसेवाल्यांच्या मनातली अट गेली नाही. त्यांना समलिंगी माणूस चालतो, पण तो त्यांच्या पसंतीचा असला पाहिजे. एकाच जोडीदाराबरोबर राहणारा, चांगले कपडे घालणारा, आवाज न चढवणारा. सरळ पुरुष दारू पिऊन पडला तर तो एकटा पडतो. समलिंगी पुरुष पडला तर सगळा समलिंगी समाज पडला असे धरले जाते. वसतिगृहातला आपला एक मुलगा नापास झाला की सगळ्या आरक्षणाचा हिशोब काढला जातो. हा तोच न्याय आहे. एकाच्या चुकीचा दंड सगळ्या समूहाकडून वसूल करणे, ही विषमतेची खरी खूण होय.

ऑलिव्हरची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. त्याने सगळ्या अटी पाळल्या आहेत. वकिली नावाजलेली, घर टापटीप, वागणे निर्दोष. तरीही त्याच्या आई-वडिलांच्या नजरेत तो कायम उणाच राहतो. शेवटी त्या वाढदिवसाच्या समारंभातच हे सारे उघड्यावर येते. सभ्यपणाच्या परीक्षेत पहिला आलेला मुलगाही तिथे नापासच ठरतो, कारण परीक्षक त्याला पास करायला बसलेलेच नाहीत. कादंबरीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि आपल्या शिकलेल्या, नोकरदार वर्गाने ती नीट वाचावी. मोठ्या पदावर पोहोचूनही आडनावावरून चौकशी झाल्याचा अनुभव आपल्यापैकी कितीजणांच्या गाठीशी नाही?

सोंग घेऊन जगणे म्हणजे काय, हे मराठी साहित्याने फार आधी सांगितले आहे. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 चा. जात लपवल्याशिवाय साधी खोली मिळत नव्हती, तेव्हाची ही व्यथा. शहरात आजही भाड्याच्या घरासाठी आडनाव बदलून सांगणारे आहेत. खोटी जात आणि खोटे नाते यांतला फरक मोठा आहे, पण दोन्हींचे मूळ एकच. खरे सांगितले तर दार बंद होते, म्हणून माणूस खोटे सांगतो. दोष खोटे सांगणाऱ्याला द्यायचा की दार बंद करणाऱ्याला, हा प्रश्न आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडायला सांगितले. मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले. मग तीही सभ्यपणाची अटच नव्हे काय? नव्हे. बाबासाहेबांनी गुलामीच्या खुणा टाकायला सांगितल्या, त्या सवर्णांनी प्रमाणपत्र द्यावे म्हणून नव्हे, तर आपल्याला आपली किंमत कळावी म्हणून. त्यासाठी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी रोखून धरले नाही. आधी सुधारा आणि मग पाणी प्या, असे ते कधीच म्हणाले नाहीत. मार्च 1927 मध्ये ते थेट तळ्यावर गेले. हक्क आधी, सुधारणा आपल्या स्वाभिमानासाठी. देणगीदाराच्या नजरेसाठी केलेले सोंग आणि स्वाभिमानासाठी केलेला बदल बाहेरून सारखे दिसतील, पण एकात माणूस वाकतो आणि दुसऱ्यात ताठ उभा राहतो.

बाबासाहेबांचा आणखी एक धागा इथे जोडला पाहिजे. 1934 मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. सनातनी कर्व्यांवर तुटून पडले असताना त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, ही भूमिका त्यांनी न्यायालयात मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाजू कोणती घ्यायची, हे बाबासाहेबांनी तेव्हाच दाखवून दिले.

पुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी संवैधानिक नैतिकतेचा विचार मांडला. ती आपोआप येत नाही, ती रुजवावी लागते, असे त्यांनी बजावले. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम 377 बद्दल निकाल देताना याच विचाराचा आधार घेतला. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले. इंग्रजांनी 1860 मध्ये लादलेले हे कलम बाबासाहेबांच्या विचाराने मोडले. आपल्या चळवळीने याचा अभिमान बाळगायचा की तोंड फिरवायचे?

कादंबरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ल्यूक गोरा आहे, त्याची आई प्रसिद्ध गायिका आहे, मागे मित्रांचा घोळका आहे. त्याचा तोल गेला तर फोटो छापून येतो आणि नोकरी धोक्यात येते. आपल्या वस्तीतल्या मुलाचा तोल गेला तर घर जाते, शिक्षण जाते, कधी जीवही जातो. इथे समलिंगी म्हणून घरात मार आणि दलित म्हणून बाहेर मार. प्राइडच्या मोर्चातही जात मागे येते. म्हणून तर 2015 मध्ये दिल्लीच्या मोर्चात दलित समलिंगी कार्यकर्त्यांना आपली जातीची ओळख उघडपणे मांडावी लागली. ही कथा ती कादंबरी सांगू शकत नाही. ती आपल्यालाच लिहावी लागेल.

आणि आपल्याकडचे खोटे नाते विनोदी नसते. तिकडे दोन पुरुष प्रेमाचे सोंग करतात, कारण त्यांना समाजात वावरायचे असते. इकडे मुलाचे मन माहीत असून किंवा माहीत करून न घेता त्याचे एका मुलीशी लग्न लावले जाते. सोंग त्याने आयुष्यभर करायचे आणि शिक्षा तिने भोगायची. ज्या चळवळीने हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणारा नेता पाहिला, तिने या मुलीचा विचार केलाच पाहिजे. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीवर. कुणी कुणाशी लग्न करावे यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहारा जितका घट्ट, तितकी जात घट्ट. या पहाऱ्याला नकार देणारा प्रत्येक तरुण, मग तो आंतरजातीय प्रेम करणारा असो की समलिंगी, जातीच्या भिंतीला धक्का देतो. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे काम कायदेमंडळाकडे सोपवले. तो लढा बाकी आहे आणि त्यात आपली जागा कोणती, हे आपण ठरवायचे आहे.

तेव्हा प्रश्न लंडनच्या त्या देणगीदारांचा नाही. उद्या आपल्या विहारात, आपल्या वसतिगृहात, आपल्या जयंती मंडळात एखादा मुलगा किंवा मुलगी येऊन खरे सांगेल, तेव्हा आपण काय करणार? ‘आमची काही हरकत नाही, पण जरा सांभाळून राहा, चळवळीची बदनामी नको,’ असे म्हणणार असू, तर आपणही देणगीदाराच्याच खुर्चीत बसलो. समता म्हणजे वागणूक पाहून दिलेले बक्षीस नव्हे. ती माणूस म्हणून जन्मताच मिळालेली असते, आणि ती मागायला आलेल्याला सोंग घ्यायला लावणारी चळवळ स्वतःला आंबेडकरी म्हणवू शकत नाही.

जयभीम!