काशाची वाटी

दिवाळी जवळ आली की आमच्या यवतमाळात दोन गोष्टी एकदमच बोलण्यात येऊ लागतात. एक कापूस आणि दुसरी तेल. शिवारात बोंडे फुटून पांढरी झालेली असतात, आणि घरात वर्षभर अंगाला तेलाचे बोटही न लावणारी मंडळी नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर निमूटपणे डोळे मिटून बसतात. तेव्हा या अंकापुरता आपल्या सदराचा विषय 'अंग चोळणे' हा ठेवला, तर वाचक गैर मानणार नाहीत अशी आशा आहे.

मराठी शिकविण्याचा धंदा असल्यामुळे कोणत्याही विषयात मला आधी त्याचे शब्द दिसतात. आपल्या भाषेत दुखण्याला काय कमी शब्द आहेत? पाठीत उसण भरते, मान अवघडते, पोटरीत गोळा येतो, गुडघा ठणकतो, बोटांना मुंग्या येतात, पाय भरून येतात. आणि यांपैकी काहीच झाले नाही तरी अंग मोडून येते! उपायांचेही तसेच. डोके चेपायचे, पाय दाबायचे, पाठ रगडायची, बाळाला चोळायचे, शेतातून आलेल्या आजोबांची पाठ नातवाने तुडवायची. पाठीला चालते ते बाळाला चालत नाही, हे ज्ञान त्या क्रियापदातच आहे. 'मालिश' हा फारसीतून आला आणि आपला झाला. उलट दिशेनेही एक शब्द गेला. पाटण्याचा शेख दीन महंमद 19व्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटनला अंग चोळून देण्याची स्नानगृहे चालवीत असे, आणि पुढे तिथल्या दोन राजांच्या सेवेतही होता. त्याने या कलेला जो शब्द वापरला, तो आपल्या चेपण्याच्या जवळचा हिंदी 'चांपना' यावरून आलेला. तोच शब्द डोके धुण्याच्या बाटलीवर 'शाम्पू' होऊन परत आला!

परंतु या सगळ्या क्रियापदांची एक गंमत आहे. 'मी पाय चेपते' म्हटले, तर ऐकणारा लगेच विचारील, 'कुणाचे?' स्वतःचे असतील तर तसे मुद्दाम सांगावे लागते. एरवी आपण चेपून देतो किंवा चेपून घेतो. देणारा एक, घेणारा दुसरा, असे भाषेने गृहीतच धरले आहे. मग प्रश्न असा, की आपल्या घरात देणारे कोण आणि घेणारे कोण?

आमच्या विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या त्या खांद्याला हळद आणि तूप, महागाईच्या दिवसांत तेल, लावून चोळतात. 'खांद शेकणे' असेच या विधीचे नाव आहे. वर्षातून एकदा का होईना, मालक बैलाच्या खांद्याला हात लावून त्याच्या कष्टाची दखल घेतो. घरातल्या पुरुषांची आणि मुलांची दखल दिवाळीत घेतली जाते. चतुर्दशीला आई मुलांना तेल लावते, पाडव्याला बायको नवऱ्याला. आता राहिली ती स्वतः. ती त्या पहाटे सर्वांच्या आधी उठलेली असते, आणि टाळूवर दोन बोटे तेल थापून न्हाऊन मोकळी झालेली असते. हिशेब करून पाहिला, तर बायकांच्या अंगाला दुसऱ्याचा हात रीतसर लागतो तो दोनदाच. एकदा त्या तान्ह्या असताना, आणि नंतर बाळंतपणात, सव्वा महिना. म्हणजे दुसऱ्या खेपेलाही निमित्त बाळाचेच!

घरची ही स्थिती, तर शेतातली काय असेल? कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या असतात. ओटी भरत जाते तसे तिचे ओझे कमरेवर येते, आणि मजुरी किलोच्या हिशेबाने असल्यामुळे पाठ ताठ करायला घालविलेला वेळ पदरचा जातो. एकदा एस. टी.त शेजारी अशीच एक प्रौढ बाई बसली होती. सारखी कंबर दाबीत होती. मी विचारले, "फार दुखते का हो?" ती हसून म्हणाली, "दुखते ना बाई. पन सांगाव कोनाले?" औषध कोणते, हा तिचा प्रश्नच नव्हता. तिचा प्रश्न, सांगावे कुणाला, हा होता.

ज्याला सांगायला कोणी नाही, त्याच्यासाठी आपल्या जुन्या घरांत एक साधन होते. ती म्हणजे काशाची वाटी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कासे म्हणजे तांबे आणि कथील, शंभर भागांत सुमारे 78 तांबे आणि 22 कथील. टाळ-झांजांना तो लांबवर घुमणारा नाद येतो तो याच धातूमुळे, आणि 'कासार' हे नावही 'कांस्यकार' यावरूनच आले. विदर्भाच्या उन्हाळ्यात तळपायांची आग होऊ लागली, की आजी फडताळातून ही वाटी काढीत असे. थोडे तूप किंवा खोबरेल तळपायाला लावायचे, वाटीचे गुळगुळीत बूड टेकवायचे आणि टाचेपासून बोटांपर्यंत घाशीत राहायचे. बहुधा आजोबांच्याच पायांना, हे खरे. पण ते आवश्यक नव्हते. पाय दुसऱ्या मांडीवर घेतला, की आपला पाय आणि आपलाच हात!

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज तेल लावावे असे सांगून डोके, कान आणि पाय यांचा विशेष उल्लेख केला आहे. त्याच ग्रंथात आणखी एक सूचना आहे. काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप खाऊ नये. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, म्हणजे एका मोठ्या भ्रमाचा उलगडा होतो. वाटी घासू लागल्यावर थोड्या वेळात तूप काळपट होते. 'पाहा, अंगातली उष्णता बाहेर पडली,' असे आजी म्हणे. हल्ली काशाची थाळी विजेवर फिरविणारी यंत्रे निघाली आहेत. पाच-दहा मिनिटे पाय ठेवा, म्हणजे शरीरातली विषद्रव्ये काळी होऊन बाहेर दिसतील, असे त्यांचे विक्रेते सांगतात. परंतु कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकते हे कोणत्या गृहिणीला ठाऊक नाही? तांब्याची अंगठी बोट काळे-हिरवे करते, तेही आपण पाहतो. धातू, स्निग्ध पदार्थ आणि घाम एकत्र घासले गेले, की हा रंग येणारच. तो निरोगी माणसाच्या पायालाही येतो. तो काळेपणा वाटीचा आहे, आपला नव्हे.

मग वाटीचा गुण काहीच नाही का? तसे मुळीच नाही. ठेच लागली की आपण आधी अंगठा चोळतो, मागाहून कळवळतो. असे का, याचे एक उत्तर मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडले. वेदना मेंदूकडे जाण्याच्या वाटेवर पाठीच्या कण्यात जणू एक दार असते, आणि स्पर्शाची व दाबाची संवेदना तिथे पोहोचली की ते दार काहीसे लोटले जाते. पुढच्या संशोधनाने या चित्रात पुष्कळ भर घातली, पण मूळ कल्पना टिकून आहे. 2012 साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात 11 तरुणांना सायकल चालवायला लावून पार दमविले, आणि एकाच मांडीला दहा मिनिटे मालिश केले. दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे बारीक नमुने तपासले तेव्हा मालिश केलेल्या बाजूला दाहाच्या खुणा कमी दिसल्या. मात्र मालिशने स्नायूंतले लॅक्टिक आम्ल निघून जाते, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट त्या तपासणीत खरी ठरली नाही.

रक्ताभिसरणाबद्दलही थोडे तारतम्य हवे. चोळल्याने त्या जागी ऊब येते, कातडीतले रक्त वाढते. पण ते तेवढ्यापुरते. पायांतले रक्त वर हृदयाकडे चढविण्याचे खरे काम पोटरीचा स्नायू करतो. पाऊल उचलताना तो आवळतो आणि शिरांतले रक्त वर ढकलतो. शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हणून चालणाऱ्यापेक्षा एका जागी उभ्या राहणाऱ्याचे पाय अधिक भरून येतात. पोळपाटापाशी उभी असलेली गृहिणी, दुकानातला विक्रेता आणि लागोपाठ चार तास घेणारी माझ्यासारखी शिक्षिका यांनी टाचा वरखाली करण्याची सवय ठेवली, तर वाटीचे निम्मे काम तिथेच होते.

राहिलेल्या निम्म्यासाठी साधने घरात आहेत. पोटरीवर लाटणे घोट्याकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने फिरवावे. सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर गार पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवून तळपायाखाली फिरवावी. खांद्याच्या फऱ्यामागे हात पोहोचत नाही, तिथे भिंत आणि पाठ यांच्यामध्ये रबरी चेंडू धरून सावकाश हलावे. आता आमच्या दत्त चौकात पिस्तुलासारखी दिसणारी विजेरी यंत्रेही मिळू लागली आहेत. भिंतीला भोक पाडावे तसा त्यांचा आवाज! वाईट नाहीत ती. पण मांसल भागावरच, हलके टेकवून, एका जागी मिनिट-दोन मिनिटे वापरावीत. हाडावर, कण्यावर आणि गळ्यावर कधीही नाही. जोर वाढविला म्हणजे गुण वाढतो, असा कोणताही नियम नाही.

आणि काही ठिकाणी तर चोळणे हाच अपाय. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर तिला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आत रक्ताची गाठ असेल, तर ती सुटून फुप्फुसात अडकण्याचे भय असते. मधुमेह्यांच्या तळपायांची संवेदना कमी होते. घासताना साल निघाले तरी त्यांना कळत नाही आणि ती जखम चिघळते. त्यांनी वाटी बाजूला ठेवावी आणि रोज रात्री आरशात तळपाय पाहावे. कंबरेतून कळ निघून पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, फुगलेल्या शिरा दिसत असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सल्ला आणि मग तेल. आणखी एक अगदी घरगुती सूचना: पाय पुसल्याशिवाय उठू नये. तूप लावलेला तळपाय आणि गुळगुळीत फरशी यांची गाठ पडली, की दुखणे नवीनच उभे राहते!

इतके सगळे वजा केल्यावर वाटीच्या पदरात काय उरते? दिवसाकाठची पंधरा मिनिटे. दुखणे मुळापासून जात नाही, अंगातले विष निघत नाही. पण दिवसभर दुसऱ्यांसाठी धावलेल्या पायांकडे त्यांची मालकीण एकदा खाली मान घालून पाहते. कुठे भेग पडली आहे, कुठे सूज आहे, कुठे दाबले तर कळ येते, हे तिला समजते. पुष्कळ बायकांची दुखणी डॉक्टरांपर्यंत उशिरा पोहोचतात, कारण ती त्यांच्या स्वतःपर्यंतच उशिरा पोहोचलेली असतात. 'सांगाव कोनाले' या प्रश्नाचे पुरे उत्तर वाटीपाशी नाही. ते घरातल्या माणसांनी, आणि वेचणीच्या शेतात मजुरी ठरविणाऱ्यांनी द्यावयाचे आहे. परंतु निदान स्वतःला तरी सांगता यावे, एवढी सोय तिच्यात आहे.

तेव्हा यंदाच्या पाडव्याला ओवाळणीच्या तबकात काय घालावे या विवंचनेत जे गृहस्थ असतील, त्यांना माझी एक सूचना आहे. साडी घ्याच, ती चुकवू नका. पण जोडीला कासाराकडून एक चांगली जड, गुळगुळीत बुडाची वाटी आणा, आणि देतानाच सांगून टाका की ही तुझी. नाहीतर होईल काय, की भाऊबिजेच्या रात्री तीच माउली ती वाटी आणि तूप घेऊन येईल आणि तुम्हालाच म्हणेल, "पाय पुढे करा पाहू!" त्या वेळी पाय मागे घ्यावा, वाटी तिच्या हातातच राहू द्यावी, आणि पंधरा मिनिटे घरात कुणी तिला हाक मारणार नाही, एवढे पाहावे.