मजूर कामचोर? आधी हजेरीपट दाखवा!

"आपल्याकडचा मजूर कामच करत नाही, म्हणून बांधकामं रखडतात." परवा सालेकशात चहाच्या टपरीवर एका ठेकेदार साहेबांनी हे ऐकवलं. तिथे गप्प बसलो. उत्तर इथे देतो.

धान कापून झालं की एखाद्या पहाटे दरेकसा स्टेशनवर येऊन बघा. डबा, थापी, ओळंबा पिशवीत घालून आमची पोरं गाडीत चढतात. नागपूर-हैदराबादेत स्लॅब टाकताना ती कामचोर नसतात. गावात आली की होतात का?

टेंडर एकाच्या नावावर. तो आपला टक्का कापून दुसऱ्याला देतो, दुसरा पेटी ठेकेदाराला, तो मिस्त्रीला. खाली येईपर्यंत मिक्सरचं भाडंही उरत नाही. आमच्या भागातल्या एका सरकारी कामावर मी स्वतः बघितलं. आठ मजूर, चार रेजा, सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत रेतीच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसलेले. ट्रॅक्टरवाल्याची मागची उधारी बाकी, कारण पेटीवाल्याचं बिल वरून आलेलं नाही. संध्याकाळी हजेरी लागली अर्धी. याला मजुराचा आळस म्हणायचं?

पेटीवालाही सुखात नाही. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे थकले होते, असं घरच्यांचं म्हणणं. सरकारचं उत्तर काय, तर त्याच्या नावावर कामच नाही, उपठेका घेतला असेल!

काम करणाराच कागदावर नाही, तर त्याच्या हाताखालचा मजूर कुठून असणार? बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. टेंडरवाला म्हणतो, हा माझा माणूस नाही. पेटीवाल्याकडे कागद नाही. ग्रामसेवक म्हणतो, मी तुला काम करताना पाहिलं नाही. आणि बांधकामाच्या खर्चावरचा 1 टक्का उपकर मात्र याच मजुराच्या नावाने जमा होतो.

कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. पण साखळीच दिसत नाही म्हटलं की साहेब मोकळे.

कामाच्या फलकावर रक्कम आणि ठेकेदाराचं नाव असतंच. त्याखाली पेटी ठेकेदाराचं नाव आणि मजुरीचा दर लिहा. मजुरांच्या खात्यात पैसे गेल्याशिवाय बिल काढू नका.

टपरीवरचे साहेब, सुरुवात तुमच्याच चालू कामापासून करू. हजेरीपट बघायला कधी येऊ?